सर्व हक्क अण्णांच्या स्वाधीन

अण्णांना फोटो काढायला पापणी लवण्याचा अवकाश पुरतो. त्या फोटोवर नाव टाकायला मात्र अख्खी दुपार लागते. जेवण झालं, बडीशेप झाली की ते संगणकापुढे बसतात ते चारचा चहा येईपर्यंत. मधल्या वेळात कोणी बेल वाजवली तर काकू दारातूनच सांगतात, "आत नावाचं चाललंय." नवखा माणूस चपला काढू की नको अशा बेतात विचारतो, "मुलगा की मुलगी?"

आमच्या साताऱ्यात हौशी फोटोग्राफरांची वाण नाही. पाऊस धरला की ठोसेघरला पाण्याच्या धारेपेक्षा मोबाइलची रांग मोठी असते, आणि सप्टेंबरात कासच्या पठारावर एकेका फुलामागे दोन कॅमेरे पडतात. पण बाकीची मंडळी फोटोसाठी फोटो काढतात. अण्णा नावासाठी काढतात. नाव टाकायचं तर मागे काहीतरी लागतं, म्हणून फोटो. अजिंक्यतारा, कास, सज्जनगडच्या पायऱ्या आणि नातेवाईक हे त्यांचे ठरलेले विषय, आणि ते सर्वांना सारखंच वागवतात. नावाखाली किल्ला गेला काय आणि मेव्हणा गेला काय, अण्णांना दुःख नाही.

हे नाव पूर्वी बेताचं होतं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, नुसतं आडनाव. मग त्यांच्या ध्यानात आलं की या आडनावाच्या माणसांनी जिल्ह्यातली दोन गावं भरतील, म्हणून पुढे नाव आलं. नाव आलं म्हणून वडिलांचं नाव आलं, कारण जन्मदात्याला वगळणं बरं दिसत नाही. त्यानंतर 'छायाचित्रकार' हा शब्द आला, नाहीतर ते नाव फोटोतल्या माणसाचं आहे असा लोकांचा समज व्हायचा. (किल्ल्याच्या बाबतीत हा धोका कमी होता, पण नियम म्हणजे नियम.) मग गोलातला सी, साल, गाव, मोबाइल नंबर, आणि सर्वांत शेवटी 'सर्व हक्क स्वाधीन'. कोणाच्या स्वाधीन ते लिहायला जागा उरली नाही.

अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. या खात्याचा नकाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आजार कुठून आला ते चटकन कळेल. नकाशाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एक चौकट असते. तिच्यात कामाचं नाव, प्रमाण, तारीख आणि सह्यांचे रकाने. कोणी रेखाटलं, कोणी तपासलं, कोणी शिफारस केली, कोणी मंजूर केलं. हुद्दा चढत जातो तशी सही पसरत जाते. मंजुरीची सही इतकी ऐसपैस की ती रकान्यातून निघून थेट कालव्यात उतरते. आणि 'रेखाटलं' या रकान्यात दोन आद्याक्षरं, तीही सोळा पेन्सिलींनी झिजवल्यासारखी बारीक. तो रकाना अण्णांचा. कालव्याचे काटछेद, सांडव्याचे आराखडे, पोटपाटांची जाळी हे सगळं त्यांनी ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनानं काढलं; रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडून, वरून नखानं घासून पुन्हा काढली; अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरत असताना त्याच्या प्रती काढून आणल्या. धरण झालं, कोनशिला बसली. कोनशिलेवर मंत्री होते, आमदार होते, सभापती होते, ठेकेदारही होता. अण्णा हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात कुरकुर नसते. "पद्धतच होती ती," म्हणतात. पण हे म्हणत असताना त्यांचा हात आपोआप माऊसकडे जातो.

निवृत्तीच्या पैशातून कॅमेरा आला. कॅमेऱ्यामागून संगणक आला आणि संगणकामागून मी आलो, कारण मी भिंतीपलीकडे राहतो. अण्णांनी मला तांत्रिक सल्लागार नेमलं. पगार म्हणजे चहा, आणि माझा कोणताही फोटो अण्णांनी काढला तर त्यावर माझ्या कपाळाऐवजी खांद्यावर नाव येईल एवढी सवलत.

पहिले काही फोटो त्यांनी पोवई नाक्याजवळच्या एका टायपिंगच्या दुकानातून नाव टाकून आणले. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स हे त्या दुकानाचं मुख्य काम. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीचं वावडं होतं. अण्णांच्या नावातली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे न राहता पुढे जाऊन उभी राहिली आणि जोडाक्षराचा पाय मोडून ते दोन ठिकाणी पडलं. दुकानदार म्हणाला, "काका, इंग्रजीत टाकू का?" अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं त्या कामाचे पैसेही मागितले नाहीत.

मग पुण्याच्या पुतण्यानं, तो हिंजवडीत संगणकातच काहीतरी करतो, त्यांना गिम्प नावाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोघांनी ते लिहिलं आणि 1996 साली लोकांपुढे ठेवलं, फुकट. फुकट म्हटल्यावर अण्णा बिथरले. ज्या माणसांनी एवढी मोठी वस्तू केली आणि पैसेही घेतले नाहीत, त्यांनी तिला स्वतःचं नाव तरी का दिलं नाही, हे त्यांना कळेना. पण त्या फुकटच्या वस्तूनं वेलांटी वेलांटीच्या जागी ठेवली, जोडाक्षराचा पाय जुळवला, आणि अण्णांनी बर्कलेच्या त्या दोघांना मनातल्या मनात दंडवत घातला.

खरी गंमत पुढे झाली. पुतण्या त्यांना लेअर म्हणजे काय ते समजावून सांगायला बसला. तरुण मुलं वडीलधाऱ्यांना संगणक शिकवताना जो एक लाडिक आवाज काढतात तो त्यानं लावला होता. "काका, समजा एका चित्रावर एक पारदर्शक कागद ठेवला..." अण्णांनी त्याला तिथेच थांबवलं. "त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खाली गावठाण, वर कालवा, त्यावर पाटाचे नंबर. नंबर बदलले तर फक्त वरचा कागद बदलायचा. हेच ना? अरे, ट्रेसिंग पेपर आहे हा!" फोटोशॉपमध्ये लेअर 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत आले, असं पुतण्यानं सांगितलं. "आमच्याकडे त्याआधीपासून होते," अण्णा म्हणाले. त्या दिवशी पुतण्याचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला, तो आजतागायत तिथेच आहे.

ओपॅसिटी मात्र त्यांनी स्वतःच्या हिशेबानं लावली. नाव फोटोवर किती दाट उमटावं ते या आकड्यानं ठरतं. शून्याला नाव अदृश्य, शंभराला ठोकळ्यासारखं. पुतण्यानं ते 20 वर ठेवून दिलं होतं. अण्णांना 20 टक्के म्हणजे सरळ नापास वाटले. 35 ला पास झाले, पण काठावर. 60 ला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा नावामागचा अजिंक्यतारा पुसट व्हायला लागला होता. सध्या ते डिस्टिंक्शनला, म्हणजे 75 ला स्थिरावले आहेत. फोटो नापास होतो, त्याला इलाज नाही.

नाव कुठे टाकावं हा त्यांच्या चिंतनाचा विषय आहे. कोपऱ्यात टाकलं तर चोर कोपराच कापून टाकतो. तळाशी पट्टी केली तर पट्टी उडवतो. म्हणून नाव अशा जागी हवं की ते काढायला गेलं तर फोटोचा जीव जावा. किल्ल्याच्या बाबतीत ही जागा तट आणि आभाळ यांच्या सांध्यावर सापडते. माणसांच्या बाबतीत ती चेहऱ्यावर सापडते. नातीच्या बारशाला बाळाच्या कपाळापासून पाळण्याच्या दांडीपर्यंत अण्णांचं पूर्ण नाव पसरलं होतं, आणि विहीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर मिळून मोबाइल नंबर. विहीणबाई समजूतदार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नाव नसलेली मूळ प्रत मिळेल का?"

मूळ प्रत नव्हती. हे अण्णांचं दुसरं तत्त्व. नाव टाकलं की ते सगळे लेअर एकत्र चिकटवतात आणि त्याच फाइलवर जेपीजी करून ठेवून देतात. एकदा असं केलं की नाव फोटोच्या ठिपक्यांतच मुरतं; मागे काय होतं ते मग ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, "अण्णा, मूळ फोटो वेगळा ठेवत चला." ते दचकले. "बिननावाचा फोटो घरात ठेवू? आणि उद्या चोर शिरला म्हणजे?" मी खोलीभर नजर फिरवली. जुनं लोखंडी कपाट होतं, शिवणयंत्र होतं, अर्ध्या गादीवर वाळत घातलेल्या कुरडया होत्या. यातलं सगळं सोडून ठोसेघरचा फोटो पळवणारा चोर डोळ्यांपुढे आणायचा मी प्रयत्न केला.

काकूंचा एक फोटो मात्र अण्णांनी मन लावून काढला होता. नऊवारी, नथ, मागे तुळशीवृंदावन. त्यावर नेहमीप्रमाणे नाव आणि त्याखाली, बरोबर पदरावरून, 'सर्व हक्क स्वाधीन'. काकूंनी चष्मा लावून तो वाचला. "पदर माझा, नथ माझ्या आईची, तुळस मी लावलेली," त्या म्हणाल्या, "आणि हक्क तुमचे?" अण्णांनी भांड्यांचा दाखला दिला. लग्नातल्या प्रत्येक पातेल्यावर तुझ्या माहेरच्यांनी नाव घालून दिलंय, तेव्हा कुठे काय म्हणालीस? त्यावर काकू म्हणाल्या, "नाव पातेल्याच्या काठाला असतं. वरणात नसतं." वॉटरमार्कवर आजवर जे काही बोललं गेलं आहे त्यात याहून नेमकं मी तरी ऐकलेलं नाही.

सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त वकील आहेत. त्यांनी एकदा अण्णांना उभ्या उभ्या कायदा सांगितला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला त्या क्षणीच हक्क तयार होतो. गोलातला सी लागत नाही, नाव लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. हे ऐकून अण्णा पायरीवर बसले. इतक्या दुपारी! वकीलसाहेबांनी त्यांना धीर दिला, की 2012 च्या दुरुस्तीनंतर कामाबरोबर जोडलेली कर्त्याची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हाही गुन्हा झाला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अण्णा उठले. "आणि हा हक्क किती दिवस टिकतो?" "तुम्ही असेपर्यंत, आणि तुम्ही गेल्यावर साठ वर्षं." पूर्वी फोटोला वेगळी, कमी मुदत होती, तीही याच दुरुस्तीनं निघून गेली. घरी येताना अण्णांची चाल बदललेली मी पाहिली. स्वतःच्या पश्चात साठ वर्षं चालेल अशी त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती. त्यांनी मृत्युपत्रात फोटोंचा परिच्छेद घालायचं ठरवलं. मुलाला कास, मुलीला अजिंक्यतारा. मुलीनं विचारलं, "बाबा, फ्लॅटचं काय?"

वकीलसाहेबांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. कोणी पैसे देऊन आपला फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. अण्णांनी मात्र ते लगेच मनावर घेतलं. "म्हणूनच मी कोणाकडून पैसे घेत नाही," असं ते आता सांगतात. देत कोणीच नव्हतं.

एवढं होऊनही हिंजवडीकडून येणाऱ्या बातम्या चांगल्या नसतात. 2017 साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच नाव एकाच तऱ्हेनं शेकडो फोटोंवर टाकलेलं असेल तर संगणक ते सगळे फोटो एकमेकांशी ताडून पाहतो, त्यात न बदलणारा भाग कोणता तो हुडकतो आणि नाव अलगद उचलून घेतो. खाली फोटो जसाच्या तसा. म्हणजे नाव जितकं इमानानं एकसारखं टाकावं तितकं ते सहज निघतं. यावर त्याच संशोधकांचा उपाय असा, की प्रत्येक फोटोवर नाव थोडं थोडं वेडंवाकडं करावं. अण्णांनी यातला पहिला भाग ऐकला नाही, दुसरा अंगी बाणवला. तेव्हापासून सज्जनगडाच्या फोटोत त्यांचं नाव पायऱ्या उतरतं, ठोसेघरला धबधब्याबरोबर खाली कोसळतं, आणि पुतण्याच्या साखरपुड्याच्या फोटोत ते नवऱ्या मुलाच्या एका कानातून शिरून नवरीच्या कानातून बाहेर पडतं. आयुष्यभर ज्यांनी टी-स्क्वेअर लावल्याशिवाय रेघ ओढली नाही, त्यांच्या हातून हे होताना पाहून मला वाईट वाटायचं. त्यांना नाही.

एकदा त्यांचं मन वळवावं म्हणून मी खिशातली पाचशेची नोट काढून खिडकीच्या उजेडाला धरली. पांढऱ्या मोकळ्या जागेत गांधीजी उमटले. म्हटलं, "अण्णा, मूळचा वॉटरमार्क हा असा. इटलीत फॅब्रियानो नावाचं गाव आहे. तिथल्या कागदवाल्यांनी तेराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी व्हायच्या सुमाराला, कागद गाळायच्या जाळीवर तारेची आकृती बसवली. तारेपाशी लगदा पातळ बसतो, म्हणून तेवढा कागद उजेडात उजळ दिसतो. धरला तर दिसतो, नाही धरला तर नाही." अण्णांनी नोट हातात घेतली, उलटीपालटी केली. "हे सोडून नोटेवर वरती किती लिहिलंय बघ," ते म्हणाले. "बँकेचं नाव, गव्हर्नरची सही, सतरा भाषांत रक्कम. त्यांचाही नुसत्या वॉटरमार्कावर भरवसा नाही." नोट त्यांनी परत दिली, हे त्यांच्या सज्जनपणाला धरूनच झालं.

पुतण्यानं मग शेवटचा बाण काढला. डोळ्यांना अजिबात न दिसणारा वॉटरमार्क असतो. फोटोच्या ठिपक्यांच्या छटा इतक्या किंचित बदलतात की माणसाला कळत नाही, पण यंत्राला नेमकं वाचता येतं. फोटोशॉपमध्ये डिजिमार्कची तशी सोय 1996 पासून होती. आता यंत्रानंच रचलेल्या चित्रांवर गूगल अशीच खूण घालतं. फोटो स्वच्छ राहतो, कोणाचे डोळे झाकले जात नाहीत, आणि मालकी कधीही सिद्ध करता येते. सगळ्या अडचणींवर तोड होती ती. काकूंच्या चेहऱ्यावर तर उजेड पडला.

"न दिसणारं नाव?" अण्णा म्हणाले. "ते खात्यात होतंच की इतकी वर्षं."

त्यावर कोणी काही बोललं नाही. काकू चहा ठेवायला उठल्या.

अण्णांकडे नाव टाकण्याला संतांचाही आधार आहे. दर अभंगाच्या शेवटी तुकोबांनी आपलं नाव घातलं, नामदेवांनी घातलं, जनाबाईंनी घातलं. मग मी घातलं तर बिघडलं कुठे, असा त्यांचा सवाल असतो. हा मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही. देहूच्या परिसरात सालोमालो नावाचा एक हरिदास होता आणि तो तुकोबांच्या अभंगांतलं त्यांचं नाव काढून तिथे स्वतःचं घालून कीर्तनं करायचा, असं परंपरा सांगते. चार अक्षरांची नाममुद्रा, तीही अगदी शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात. कापून टाकायला कितीसा वेळ! "तुकोबांनी नाव अभंगाच्या मधोमध टाकलं असतं," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "तर सालोमालोला काही करता आलं नसतं." वारकरी घरातला माणूस, बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच कानाच्या पाळ्या धरल्या.

आता एक गोष्ट मी अण्णांच्या पाठीमागे सांगतो. त्यांचे फोटो आजवर कोणीही चोरलेले नव्हते. चोरावेत असे ते नव्हते, हे मी म्हणणार नाही. काही खरंच बरे होते, नावाच्या फटीतून दिसायचे तेवढे तरी. पण अजिंक्यताऱ्याचे फोटो जगात कमी नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणाचा मोबाइल नंबर नाही. अण्णा रोज रात्री इंटरनेटवर स्वतःचे फोटो उलटे शोधायचे. फोटो टाकायचा आणि तो आणखी कुठे दिसतो का ते पाहायचं. कुठेच दिसायचा नाही. 'काही सापडलं नाही' हे वाचून मालकानं खूश व्हायला हवं. अण्णा एक सुस्कारा टाकून संगणक बंद करायचे. 2023 साली गेटी इमेजेस या मोठ्या फोटोकंपनीनं एका एआय कंपनीवर खटला भरला. त्या यंत्रानं म्हणे गेटीचे इतके फोटो गिळले होते, की त्यानं नव्यानं रचलेल्या चित्रांतही गेटीच्या नावाचा वॉटरमार्क वेडावाकडा उमटायला लागला. ही बातमी वाचून पुतण्या हसला. अण्णांनी ती कात्री घेऊन कापून ठेवली. "म्हणजे मी आणखी थोडे टाकले," त्यांनी मला विचारलं, "तर ते यंत्र माझं नावसुद्धा शिकेल?"

आणि मग गेल्या सप्टेंबरात चोरी झाली.

फोटो कासचा होता. पायवाटेवर पालथं पडून, फुलाच्या उंचीवर कॅमेरा नेऊन काढलेला. त्यांना उठवायला नंतर वनसमितीची दोन पोरं लागली. सीतेची आसवं नावाची ती इवलीशी जांभळी फुलं, मागे धुकं, आणि धुक्यातून जेमतेम दिसणारी पठाराची कड. मी तो नाव पडायच्या आधी पाहिला होता, आणि मला वाटतं अण्णांनी हा एकच फोटो हक्कासाठी काढला नव्हता. नाव अर्थात नंतर पडलं, संपूर्ण, खालच्या बाजूला, डिस्टिंक्शनमध्ये.

चौथ्या दिवशी सकाळी तो चार भिंतीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर परत आला, वकीलसाहेबांकडून. वरच्या धुक्यात कोणीतरी सुवाच्य लाल अक्षरांत 'शुभ सकाळ' लिहिलं होतं आणि त्याखाली एक सुविचार: 'फूल स्वतःचं नाव कधी सांगत नाही; त्याचा दरवळच ते सांगतो.' आणि त्या सुविचाराच्या लगेच खाली, जसंच्या तसं, अण्णांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, मोबाइल नंबर आणि सर्व हक्क स्वाधीन.

"चोरी झाली!" असं ओरडत अण्णा बाहेर आले. इतके आनंदी मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तासाभरात मोती चौकातून कंदी पेढे आले. वकीलसाहेबांना फोन लावून त्यांनी कलम विचारलं. वकीलसाहेबांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "न विचारता वापरला, हे खरं. पण नाव कुठे काढलंय? उलट त्या माणसानं तुम्हाला एक वाक्य वरती दिलंय."

दुपारी पहिला फोन आला, बेळगावहून, एका निवृत्त शिक्षकांचा. काय लिहिलंय हो तुम्ही, दोन ओळींत आयुष्य मांडलंत. अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की वाक्य माझं नाही, फोटो माझा. "हा तुमचा विनय," शिक्षक म्हणाले. दुसरा फोन लातूरहून आला. त्या बाईंनाही अण्णांनी सांगितलं, पण जरा सावकाश, वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तर विचारू द्यावा अशा बेतानं. तिसऱ्या फोनवर अण्णा नुसते "हं, हं" म्हणाले. चौथा आला तेव्हा "सुचत गेलं" एवढंच ऐकू आलं. सालोमालोची आठवण करून द्यावी असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोंडात त्यांचाच पेढा होता.

आठवड्याभरात तो फोटो कुठून कुठून फिरून आला. मोबाइल नंबर फोटोवर का असावा यावर आम्ही दोन वर्षं वाद घातला होता. तो वाद अण्णांनी जिंकला. काकू फोन उचलून "विचारवंत आंघोळीला गेलेत" असं सांगायला लागल्या. अण्णांनी नवी वही केली. रोज दुपारी चहाआधी एक वाक्य लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात; मग ते वेगळ्या लेअरवर टाकतात, कारण सुविचार बदलला तरी नाव हलायला नको.

परवा कराडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र आलं. व्याख्यानाचं आमंत्रण, विषय: अहंकाराचा त्याग. मानधन नाही, नारळ आणि शाल. अण्णांनी मला बोलावून घेतलं, पत्र वाचायला दिलं आणि संघाच्या सचिवांना स्पीकरवर फोन लावला. येतो म्हणाले, वेळ विचारली, गाडीची चौकशी केली. फोन ठेवता ठेवता काहीतरी आठवल्यासारखे थांबले.

"आणि हे बघा, सभागृहाबाहेर फ्लेक्स लावाल ना? त्याची फाइल आधी माझ्याकडे पाठवा. नाव मी टाकून देतो. आणि पोराला सांगा, लेअर चिकटवू नको म्हणावं."